दोर धरणारीने पाहिलेलं

४ मार्च

दादा,

पाकिटावरचं अक्षर बघून तू आईला म्हणाला असशील, "आलं बघ भिंगरीचं, सुटली असेल परत नोकरी." सुटलेली नाही. अजून त्याच लॉजवर आहे. चादरी बदलते, अभ्रे काढते, भिजवते, गच्चीवर वाळत घालते. दुपारी मॅनेजर जेवायला गेला की त्याच्या खुर्चीत बसून किल्ल्या देते. पाहुणे सगळे एका रात्रीचे. ते मला बरं पडतं. "कशी आहेस" हे विचारायला कुणाला फुरसत नसते.

माझा आवाज आईच्या फोनवर आला की तू उठून अंगणात जातोस, हे तिने सांगितलंय. जा. पत्राला आवाज नसतो, म्हणून लिहिते.

माझी अडचण ऐकून तू हसशील. मला लिहिता येईनासं झालंय.

मी फोनवर ब्लॉग लिहिते. म्हणजे आपलीच वही, पण रस्त्यावर उघडी टाकलेली. कुणीही वाचावी, खाली चार ओळी खरडाव्यात. त्यात मी वाट्टेल ते लिहायचे. लॉजच्या पायपुसण्यांवर लिहिलं. बसच्या धुळकट काचांवर लोक बोटाने काय काय लिहितात त्यावर लिहिलं. एक गृहस्थ दर महिन्याला येतात, खोली घेतात, आंघोळ करतात आणि जातात, त्यांच्यावर लिहिलं. (घरी पाणी येत नसेल का रे? की पाणी येत असेल, पण दार लावून घ्यायची सोय नसेल? एकदा विचारणार होते. पण ओल्या केसांच्या माणसाला काही विचारायचं म्हणजे कसंतरीच वाटतं. असो.)

तर एक दिवस कुणीतरी खाली लिहिलं, "ताई, तुमचा ब्लॉग नेमका कशाबद्दल आहे?" बस एवढंच. शिवी नाही, टोमणा नाही. पण तेव्हापासून फोन हातात घेते आणि नुसती बघत बसते. एक ओळ लिहिते, पुसते. परत तीच लिहिते. काल गच्चीवर बसून विचार करत होते, तेवढ्यात शेजारच्या इमारतीवर दोन माणसं टाकी चढवताना भांडायला लागली. त्यांचं भांडण मिटेपर्यंत माझा विचार कुठच्या कुठे गेला.

इथल्या वाचनालयात रविवारी लिहिण्याचा वर्ग असतो, फुकट. शिकवणाऱ्या बाईंना बारा महिने सर्दी. वर्गात एक निवृत्त कारकूनकाका आहेत, ते फक्त स्वतःच्या गुडघ्यांवर लिहितात, आणि चांगलं लिहितात याचाच राग येतो. बाई मला म्हणाल्या, "तू दारं वाजवतेस आणि कुणी उघडायच्या आत पळतेस. एका दाराशी उभी राहा की."

मी म्हटलं, "कुठल्या?"

"ज्याच्यासमोरून तू मुद्दाम जात नाहीस, त्या."

मग माझ्या तोंडून निघून गेलं, की आमच्या घरी पाण्यात बुडालेली माणसं काढतात. आधी बाबा काढायचे, आता दादा काढतो. काकांनी गुडघ्यावरचा हात काढून घेतला.

म्हणून विचारते. आपल्या कामावर लिहू का? तू नको म्हणालास तर मी निमूट पायपुसण्यांकडे परत जाईन.

तुझी भिंगरी


२१ मार्च

दादा,

तुझं कार्ड आलं. "लिही. नावं नकोत."

मॅनेजरने ते माझ्याआधी वाचलं आणि म्हणाला, "कसलं हे, धमकी आहे का?" मी म्हटलं, हो. आमच्यात प्रेमपत्र असंच असतं.

नावं नाहीत म्हणजे नाहीत. माणसांची नाहीत, गावाचं नाही, कालव्याचं नाही. तुलासुद्धा मी "भाऊ" केलंय. आणि सुटलं बघ लिहिणं. कसं सुटलं ते सांगते. बाईंनी सांगितलं होतं की हात थांबवायचाच नाही, काही सुचलं नाही तर "सुचत नाही" हेच लिहीत राहायचं. मी पानभर "सुचत नाही" लिहिलं. शाळेत शिक्षा म्हणून लिहायचे तसं. आणि मग आपोआप लिहिलं गेलं, "दोर ओला आहे." त्यानंतर मात्र हात आवरेना.

बाबांनी मला दोर धरायला शिकवलं ते सगळं लिहिलं. एक हिसका म्हणजे ठीक आहे, दोन म्हणजे ढील दे, सटासट हिसके म्हणजे ओढ, विचारत बसू नकोस. दोर मनगटाला गुंडाळायचा नाही, नाहीतर खालच्याबरोबर वरचाही जातो. वर्गात वाचलं. काका म्हणाले, "तुम्हाला भीती नाही वाटायची?" मी म्हटलं, कंटाळा यायचा. सगळे हसले, त्यांना वाटलं मी फुशारकी मारतेय. तुला माहीत आहे मी खरं बोलले. दादा तू खाली, आणि मी वर बगळे बघत उभी. बाबा काठावरच्या स्टुलावरून ओरडायचे, "भिंगरे, दोराकडे बघ!"

आणि काठावरचा तो रिवाज लिहिला. माणूस वर येतो तेव्हा सगळ्यांनी पाठ फिरवायची, चादर घातल्याशिवाय वळायचं नाही. पोलीससुद्धा फिरवतात. फक्त दोर धरणाऱ्याला पाठ फिरवता येत नाही. बाई म्हणाल्या, "हे तुझं दार. इथून हलू नकोस."

आता दर आठवड्याला एक लिहिणार. तू अजून एखादं कार्ड टाक. धमकीचं चालेल.

भिंगरी


१८ एप्रिल

दादा,

कार्ड नाही. तू कामात असशील.

इकडे माझं बरं चाललंय. बरं म्हणजे फारच. लोक वाचतात, एकमेकांना पाठवतात. "पुढचं कधी?" असं विचारतात. मला, जिला शाळेत निबंधाला कधी बरे मार्क पडले नाहीत! बाई म्हणतात, माझी ताकद बारकाव्यात आहे. "पाणी गढूळ होतं" असं कुणीही लिहील, पण "पाण्याला ताकाचा रंग होता आणि वर एक चप्पल गोल गोल फिरत होती" हे तिथे उभं असलेलंच माणूस लिहितं, असं त्या म्हणाल्या आणि शिंकल्या.

परवा एक मोठा तुकडा टाकला. तुला आधी सांगायला हवं होतं, पण तू उत्तर देत नाहीस मग मी सांगू कधी? तो शाळकरी मुलीचा. बाबा आजारी पडल्यावर स्टुलावर नुसते बसून होते, तू खाली गेलास आणि मी दोरावर होते, तोच दिवस. नाव नाही. शाळा नाही. तिचा लाल स्वेटर आहे, त्याची सगळी बटणं काळी आणि वरून दुसरं तेवढं हिरवं. आणि तिच्या मुठी. मुठींत काठाची मुळं घट्ट धरलेली होती, तू बोटं एकेक करून सोडवलीस. नखं तुटलेली होती. चादर घातलीस, आणि तिच्या आईपाशी जाऊन बाबांचं ते वाक्य म्हणालास. बाबा प्रत्येकाला म्हणायचे तेच. "झोपल्यासारखी होती. काही कळलं नसेल तिला."

तू ते पहिल्यांदा म्हणालास. आवाजसुद्धा बाबांचा काढलास. बाबांनी स्टुलावरून मान हलवली, जमलं म्हणून. पुढच्या आठवड्यात मी घर सोडलं. आई सगळ्यांना सांगते की माझ्या पायाला भिंगरी आहे. असेल. पण मला त्या वाक्याखाली राहता येईना.

हे लिहिलंय. हे सगळं. कारकूनकाका वाचून उठून बाहेर गेले आणि बऱ्याच वेळाने परत आले. येऊन त्यांनी माझी खुर्ची नीट सरकवून दिली.

तू चिडू नकोस. नाव कुठेच नाही.

भिंगरी


२ मे

दादा,

काय करू ते लगेच सांग. फोन कर, आईच्या फोनवरून कर, कुणाच्याही कर.

त्या तुकड्याखाली कुणीतरी लिहिलंय. जसंच्या तसं उतरवते:

"हिरवं बटण मी लावलं होतं. काळं मिळालं नाही म्हणून माझ्या कोटाचं काढून लावलं. ती शाळेत घालून जायला तयार नव्हती, मुली हसतात म्हणाली. तुम्ही कोण आहात? तुमचा भाऊ मला म्हणाला होता की ती झोपल्यासारखी होती."

मी फोन उशीखाली ठेवला. परत काढला. मला वाटायचं, नाव काढलं की माणूस झाकला जातो. नावाने कोण ओळखतं रे? त्या नावाच्या मुली शाळेत चार असतील. हिरवं बटण एकीलाच होतं.

मी बाईंकडे गेले. त्यांनी वाचलं, चष्मा काढला, म्हणाल्या, "तू काही खोटं लिहिलेलं नाहीस."

मी म्हटलं, "मला ते नाही विचारायचं. त्यांना काय सांगू?"

"ते मी कसं सांगणार?" बाई म्हणाल्या. एका दाराशी उभी राहा म्हणणाऱ्या बाई! दार उघडलं तर काय करायचं हे वर्गात शिकवत नाहीत.

मला सुचत नाहीये दादा. चार शब्द लिहायचेत, तेही जमत नाहीयेत. "माफ करा" लिहिलं, पुसलं. कशाची माफी? "ते कुणा दुसऱ्या मुलीबद्दल आहे" लिहिलं, तेही पुसलं. तुझ्यासारखं मला येत नाही.

काय सांगू? तू म्हणशील तेच सांगेन. सगळं काढून टाक म्हणालास तर आत्ता काढते.

भिंगरी


१३ मे

दादा,

आईचा फोन आला. ती रडत नव्हती, म्हणून मी जास्त घाबरले.

हिरवं बटण लावणारी ती बाई आपल्या घरी येऊन गेली म्हणे. पायरीवर बसली, आईने पाणी दिलं ते हातात धरून ठेवलं, प्यायली नाही. तू बाहेर आलास तर म्हणाली, "मला परत एकदा सांग. कशी होती?"

तू म्हणालास, "ताई, माझी बहीण तेव्हा लहान होती. तिला काय कळतंय?"

आणि ती म्हणाली, "म्हणजे ती तिथे होती."

ती पेला पायरीवर ठेवून निघून गेली. मी तिथे असते तर काय केलं असतं, याचा विचार दोन दिवस करतेय आणि प्रत्येक वेळी मी मागच्या दाराने पळून जाते.

पुढचंही आईने सांगितलं. पुलाखाली बुडालेल्या माणसाचं. माझं लिहिलेलं तोवर गावभर झालं होतं. तू त्याला वर आणलंस, चादर घातलीस, त्याच्या भावाजवळ गेलास आणि "झोपल्या" एवढंच म्हणालास, तर तो म्हणाला, "थांब. खरं सांगतोस, की तुझ्या बहिणीचं वाचू?" काठावर कुणीतरी हसलं. दोरावर आपला चुलतभाऊ होता, त्याला काय करावं कळेना, तो दोर गुंडाळत बसला. तू ओल्या अंगाने सरळ घरी चालत आलास. तेव्हापासून दोर खुंटीला आहे. पोलिसांचा माणूस दोनदा येऊन गेला, तू म्हणतोस कान दुखतो.

तुझा कान दुखत नाही. लहानपणी खरंच दुखायचा तेव्हा तू कुणाला सांगायचा नाहीस, मला कापसाचा बोळा करून घालायला लावायचास.

मी ब्लॉगवर नंतर काहीच लिहिलेलं नाही. लोक विचारतात, "ताई, थांबलात का?" एकाने लिहिलं, "आमच्या गावचे पाणबुडेही असेच खोटं बोलतात का हो?" ते वाचलं आणि फोन चादरींच्या ढिगात टाकून दिला. बाबा खोटं बोलायचे असं मला तेव्हा वाटायचं, तेच मी लिहिलं. लिहिताना छान वाटत होतं दादा. हे तुला सांगायलाच हवं. मला कसलीही शंका आली नव्हती. वाक्यं एकामागून एक येत होती आणि मला वाटत होतं, आपल्याला जमलं.

तो तुकडा अजून तिथेच आहे. काढायला बोट ठेवते, आणि मला वाटतं, त्यांनी रोज उघडून पाहिलं आणि एक दिवस तिथे काहीच नसलं तर? तेही तुझ्यावरच ढकललं जाईल. भावाने काढायला लावलं म्हणतील.

तू एकदा ओरड तरी माझ्यावर.

भिंगरी


९ जून

दादा,

त्या इथे येऊन गेल्या.

मॅनेजर जेवायला गेला होता, मी किल्ल्यांच्या खुर्चीत. एक बाई आल्या, हातात कापडी पिशवी, बसचा प्रवास अंगावर. मी रजिस्टर पुढे केलं, "खोली एकटीला ना?" त्या म्हणाल्या, "पत्ता तुझ्या आईने दिला. पायपुसणी बघून ओळखलं. तू फोटो टाकला होतास. भिंगरी तूच ना?"

मी उभी राहिले. पळायला जागा नव्हती, टेबल आणि भिंत यांच्यामध्ये होते. हे मी गंमत म्हणून लिहीत नाही.

"बस," त्या म्हणाल्या, जणू मीच त्यांच्याकडे आले होते. आणि स्वतः जिन्याच्या पायरीवर बसल्या. मी जाऊन खालच्या पायरीवर बसले. त्या कपडे दुरुस्त करण्याचं काम करतात, बोटांना सुयांचे बारीक काळे ठिपके आहेत. मला वाटलं आता मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं.

त्यांनी विचारलं, "किती वेळ धरून होती?"

मी काय सांगू? मला माहीत नाही, तुलाही माहीत नाही. आपण पोचलो तेव्हा दुपार उलटून गेली होती. मी म्हणाले, "थोडाच वेळ."

"तुला कसं माहीत?"

"बाबा म्हणाले होते. मुळं सैल होती, म्हणाले. लगेच सुटली असती."

बाबा असं काहीही म्हणाले नव्हते. मुळं अजिबात सैल नव्हती. तू आधी ती सुरीने कापलीस, मग वर आणून बोटं सोडवलीस. मी किती सहज बोलले दादा, आणि आवाज तर अगदी तुमचाच निघाला, तुझा आणि बाबांचा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. विश्वास ठेवला नाही. पण मान हलवली.

मग पिशवीतून चष्मा काढला आणि म्हणाल्या, "ते काढ. तू लिहिलेलं. त्यात चूक आहे." मी म्हटलं, मी आत्ताच्या आत्ता पुसून टाकते. तर माझ्या हातावर हात ठेवला. "पुसू नकोस! तिच्याबद्दल दुसऱ्या कुणी काही लिहिलेलं नाही. पेपरात आलं होतं, तिथे वय चुकवलं. तू लिहिलंयस की स्वेटर जुना होता. जुना नव्हता. मी त्याच थंडीत विणला होता. स्वस्तातल्या लोकरीचा रंग मुळातच विटका असतो. तेवढं नीट कर."

मी नीट केलं. त्या शेजारी बसून बघत होत्या. मग म्हणाल्या, आणखी लिही. त्या सांगत गेल्या आणि मी लिहीत गेले, फोनवर, जिन्यात बसून. ती पावाच्या फक्त कडा खायची आणि मधला भाग भावाच्या ताटात टाकायची. गृहपाठ झाला म्हणून खुशाल खोटं सांगायची आणि लगेच हसायची म्हणून पकडली जायची. बूट ओले करून आली की आधी आजीकडे जायची. मधे एक पाहुणा किल्ली मागायला आला, त्याला त्यांनीच सांगितलं, "थांबा जरा, आमचं काम चाललंय." मी दोन महिन्यांत पहिल्यांदा काही लिहीत होते आणि त्यातला एकही शब्द माझा नव्हता. ब्लॉग कशाबद्दल आहे म्हणून पुन्हा कुणी विचारलं तर आता मला सांगता येईल. पण ते नंतर. आधी तुझं.

उठताना त्या म्हणाल्या, "तुझा भाऊ माझ्यावर रागावलाय का?"

मी म्हटलं, "तो माझ्यावर रागावलाय."

"त्याला सांग," त्या म्हणाल्या. पिशवीचे बंद एकात एक अडकवले, सोडवले. "त्याचं ते वाक्य मी रोज झोपताना म्हणायचे. झोपल्यासारखी होती, काही कळलं नसेल. म्हटलं की डोळा लागायचा. अजून म्हणते. पण आता माझ्या आवाजात येतं. आधी त्याच्या आवाजात यायचं."

मी रडले. त्यांनी माझ्याकडे लक्ष दिलं नाही.

"खोटं होतं ते मला कळलंय. तो का बोलला तेही कळलंय. मला भांडायचं नाही. मला ते परत ऐकायचंय. त्या दिवशी मी तुमच्या घरी गेले तेव्हा त्याने म्हणायला हवं होतं. मी वाट बघत होते आणि तो तुझ्याबद्दल बोलायला लागला."

मी विचारलं, "खरं माहीत असूनही?"

"तू गोष्टी वाचत असतेस ना गं," त्या म्हणाल्या, "मग एवढं कसं कळत नाही?"

दादा, आम्ही रविवारी दुपारच्या बसने येतोय. त्यांना एकटीने यायचा धीर नाही आणि मलाही नाही. तू घरात नसलास तर त्या पायरीवर बसतील, मग तुला येताना त्या दिसतीलच. त्या तुला तेच विचारतील, कशी होती. तू काय म्हणायचं ते तुझं तू ठरव. मी काही सुचवणार नाही, माझं सुचणं आपल्या घराला फार महाग पडलं आहे. तुला जमलं नाही, तर नाही जमलं. मग मी त्यांना परत घेऊन जाईन.

मी फाटकाच्या बाहेर थांबेन, वळणापलीकडे, तुमचं बोलणं कानावर येणार नाही इतक्या लांब. तू त्यांना काय सांगितलंस ते मी त्यांना विचारणार नाही. तुलाही विचारणार नाही. तेवढं एक मला लिहिता येऊ नये अशी माझी इच्छा आहे.

भिंगरी